हिरावलेला खंड आणि हिरावलेले टचडाउन : कार्लाइल संघाच्या १८९६ च्या हंगामाच्या कथनाची चिकित्सा

प्रास्ताविक

स्टीफन क्रेन हे नाव इंग्रजी साहित्याच्या अध्यापकांना प्रामुख्याने ‘द रेड बॅज ऑफ करेज’ (१८९५) या कादंबरीमुळे परिचित आहे. ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभराने, १८९६ च्या शरद ऋतूत, क्रेन हे विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या ‘न्यूयॉर्क जर्नल’ या दैनिकासाठी महाविद्यालयीन फुटबॉल सामन्यांची वार्तापत्रे लिहीत होते. ३१ ऑक्टोबर १८९६ रोजी हार्वर्ड विद्यापीठ आणि कार्लाइल येथील ‘इंडियन इंडस्ट्रियल स्कूल’ यांच्यात सामना झाला. त्यावरील क्रेन यांचे वार्तापत्र दुसऱ्याच दिवशी छापून आले. कथा-कादंबऱ्यांच्या तुलनेत क्रेन यांच्या या लेखनाकडे साहित्यसमीक्षेचे फारसे लक्ष जात नाही. ते सामान्यतः क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासकांकडे सोपवले जाते.

या वार्तापत्रातील एक परिच्छेद मात्र अभ्यासकांच्या लेखनात पुन्हा भेटतो. मैदानात उतरलेल्या कार्लाइलच्या खेळाडूंच्या मनात काय चालले असेल, याचे एक काल्पनिक भाषण क्रेन तेथे रचतात. त्याचा आशय असा : गोऱ्यांनी आमचा हा अफाट खंड चोरला, आणि अलीकडे तर आमचे टचडाउनही चोरले, आता मात्र हे अति झाले, तेव्हा बंधूंनो, समोर गर्वाने उभ्या राहिलेल्या या रांगेवर सूड उगवण्याची संधी आली आहे. परिच्छेदाच्या अखेरीस झोपड्यांपुढील शेकोटीचा धूर आणि शत्रूच्या मस्तकावरून सोललेल्या, वाऱ्यावर लोंबणाऱ्या कातड्यांचे चित्र येते.

या परिच्छेदाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. एका दृष्टीने तो सहानुभूतीचा आहे. लाखो वाचकांच्या दैनिकात, क्रीडावृत्ताच्या निमित्ताने का होईना, एका खंडाच्या चोरीला ‘चोरी’ म्हटले गेले आहे. दुसऱ्या दृष्टीने तो उपहासाचा आहे; कारण बोलणाऱ्यांच्या तोंडी घातलेली भाषा स्वस्त साहसकथांतून उसनी घेतलेली आहे. प्रस्तुत लेखाचा रोख या दोहोंपैकी एकीची निवड करण्याकडे नाही. या परिच्छेदातील काळाची रचना कशी आहे, त्यात कोणती चोरी ‘झाली’ म्हणून सांगितली जाते आणि कोणती ‘होत असलेली’ म्हणून, हा येथील प्रश्न आहे. त्या प्रश्नाच्या आधारे १८९६ च्या हंगामाचे एकूण कथन तपासता येते.

एक शब्दविषयक खुलासा आवश्यक आहे. मराठीत दीर्घकाळ रूढ असलेला ‘रेड इंडियन’ हा शब्द आज वापरण्याजोगा राहिलेला नाही. येथे ‘मूलनिवासी’ हा शब्द योजला आहे. महाराष्ट्रातील सामाजिक चळवळींत या शब्दाला स्वतंत्र अर्थ प्राप्त झाला आहे याची जाणीव ठेवून तो येथे केवळ उत्तर अमेरिकेतील मूळ लोकसमूहांपुरता घेतला आहे.

शाळा आणि हंगाम

येथे फुटबॉल म्हणजे भारतात परिचित असलेला खेळ नव्हे. अमेरिकेच्या पूर्वेकडील महाविद्यालयांत १८७६ नंतर रग्बीच्या नियमांतून एक वेगळाच खेळ घडत गेला. चेंडू हातात धरून प्रतिपक्षाची फळी फोडत गोलरेषेपलीकडे नेणे, म्हणजे टचडाउन करणे, हे त्याचे प्रमुख उद्दिष्ट. १८९६ च्या नियमांप्रमाणे टचडाउनचे ४ गुण मिळत, आणि त्यानंतर चेंडू लाथेने गोलखांबांमधून धाडता आला तर आणखी २. चेंडू पुढे फेकण्याची मुभा १९०६ पर्यंत नव्हती. साहजिकच खेळ अंगावर अंग घालून चाले आणि हाडे मोडणे ही नित्याची बाब होती. गुणांचे हे गणित किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु पुढील विवेचनात त्याचे काम पडणार आहे.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल या गावी लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये १८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट या सेनाधिकाऱ्याने ही निवासी शाळा सुरू केली. तत्पूर्वी १८७५ ते १८७८ या काळात प्रॅट हे फ्लोरिडातील फोर्ट मॅरियन येथे किओवा, शायेन आदी जमातींच्या युद्धकैद्यांवर नेमलेले अधिकारी होते. कैद्यांना गणवेश, कवायत आणि इंग्रजी देण्याचा तेथील प्रयोगच पुढे मुलांवर करण्यात आला. केस कापणे, नवे नाव देणे, मातृभाषेला मज्जाव करणे हे त्या शिक्षणाचे पहिले धडे होते. माणसातील ‘इंडियन’ मारावा आणि माणूस तेवढा वाचवावा, या आशयाचे प्रॅट यांनी १८९२ मध्ये डेन्व्हर येथील भाषणात मांडलेले सूत्र आज सर्वत्र सांगितले जाते. ते सूत्र क्रूर आहे. पण त्या काळी मूलनिवासींना शिकवण्यात अर्थच नाही असे मानणारा मोठा वर्ग होता आणि त्याच्या तुलनेत प्रॅट हे उदारमतवादी गणले जात, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही. कार्लाइलच्या फुटबॉलचे सारे पेच या उदारमतवादातून निर्माण झालेले आहेत.

कार्लाइल हे महाविद्यालय नव्हते. तरीही १८९६ च्या हंगामात प्रिन्स्टन, येल, हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया या त्या काळच्या चार बलाढ्य विद्यापीठांशी त्याचे सामने ठरले, आणि तेही ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, अवघ्या साडेतीन आठवड्यांच्या आत. प्रिन्स्टनने २२-६, येलने १२-६, हार्वर्डने ४-० आणि पेनसिल्व्हेनियाने २१-० असे हे सामने जिंकले. पुढे ब्राउन विद्यापीठाकडूनही २४-१२ असा पराभव झाला. डिकिन्सन, सिनसिनाटी, पेन स्टेट इत्यादी संघांवर कार्लाइलने विजय मिळवले. हंगामाअखेर पाच विजय आणि पाच पराभव असा हिशेब होता. संघनायक बेमस पियर्स हे सेनेका, चेंडूला लाथ मारण्यात निष्णात असलेले फ्रँक हडसन हे लगुना पुएब्लो, जोनास मेटोक्सेन हे ओनायडा आणि फ्रँक कायू हे ओमाहा समूहाचे होते. ज्यांच्या भाषा एकमेकांना कळत नव्हत्या असे समूह येथे एका संघात आले होते. त्यांची सामाईक भाषा इंग्रजी होती, म्हणजे शाळेने सक्तीने दिलेली भाषा.

या हंगामाला आणखी एक पार्श्वभूमी आहे. हार्वर्ड आणि येल यांच्यात १८९४ साली स्प्रिंगफील्ड येथे झालेला सामना इतका हिंसक ठरला की, १८९५ आणि १८९६ अशी दोन वर्षे ही दोन विद्यापीठे परस्परांशी खेळलीच नाहीत. अमेरिकन सभ्यतेची शिखरे मानल्या जाणाऱ्या या दोन संस्था हाणामारीमुळे एकमेकांची तोंडे पाहत नव्हत्या. मात्र त्याच शरद ऋतूत दोघीही कार्लाइलशी खेळल्या, आणि प्रेक्षकांचे कुतूहल होते ते कार्लाइलचे खेळाडू ‘रानटीपणा’ आवरतात की नाही, याविषयी.

प्रॅट यांच्या आत्मकथनातील दोन प्रसंग

या कुतूहलाची जाण प्रॅट यांना पुरेपूर होती. त्यांचे आत्मकथन ‘बॅटलफील्ड अँड क्लासरूम’ या नावाने १९६४ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी प्रसिद्ध झाले (प्रकाशक येल विद्यापीठाची प्रकाशन संस्था, हा एक योगायोग). त्यातील फुटबॉलविषयक दोन प्रसंग येथे विचारात घेतले आहेत.

पहिला प्रसंग संघाच्या उगमाचा. १८९० मध्ये डिकिन्सन महाविद्यालयाविरुद्धच्या सामन्यात स्टेसी मॅटलॉक या विद्यार्थ्याचा पाय मोडला आणि प्रॅट यांनी बाहेरच्या संघांशी खेळण्यास बंदी घातली. प्रॅट सांगतात त्याप्रमाणे, पुढे १८९३ मध्ये सुमारे चाळीस विद्यार्थी त्यांच्या कचेरीत आले. शाळेतील सर्वोत्तम वक्त्याने त्यांच्या वतीने बाजू मांडली आणि ती इतकी प्रभावी होती की, हसू आवरून प्रॅट यांना माघार घ्यावी लागली. परवानगी देताना त्यांनी दोन अटी घातल्या. प्रतिपक्षाने ठोसे मारले तरी उलटून ठोसा मारावयाचा नाही, ही पहिली. आणि दोन, तीन किंवा चार वर्षांत देशातील सर्वांत बलाढ्य संघाला हरवावयाचे, ही दुसरी.

या प्रसंगाचे कथन सफाईदार आहे, आणि त्या सफाईकडेच संशयाने पाहावयास हवे. मुलांच्या मागणीचे सारे श्रेय त्यांच्या वक्तृत्वाला, म्हणजे अखेर शाळेने शिकवलेल्या इंग्रजीला दिले आहे. मुलांना खेळ का हवा होता, हे कथनात उरत नाही. उरते ती त्यांची मागणी मांडण्याची शैली. पहिल्या अटीचा अर्थही तपासला पाहिजे. ठोसा न मारणे ही खेळाडूवृत्ती खरी. पण येलच्या किंवा हार्वर्डच्या खेळाडूने ठोसा मारला तर तो खेळाचा अतिरेक ठरणार, आणि कार्लाइलच्या खेळाडूने मारला तर तो जमातीचा स्वभाव ठरणार, हे गृहीत धरूनच ही अट घातलेली आहे. अट समाजाच्या पूर्वग्रहाला आव्हान देत नाही. त्या पूर्वग्रहाची किंमत मुलांनी चुकवावी, एवढेच ती ठरवते.

दुसरा प्रसंग २४ ऑक्टोबर १८९६ च्या येल सामन्याचा. हा सामना न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाला. पंचांपैकी विल्यम हिकॉक हे येलचे नामांकित माजी खेळाडू होते आणि त्या हंगामात ते कार्लाइलचेच प्रशिक्षक होते. अशा दुहेरी भूमिका त्या काळी चालत. येल १२-६ असे पुढे असताना उत्तरार्धात कार्लाइलचे जेक जेमिसन गर्दीतून सुटले आणि चेंडू घेऊन गोलरेषेपार गेले. परंतु चेंडू त्यापूर्वीच थांबला होता असे सांगत हिकॉक यांनी शिटी वाजवली आणि टचडाउन रद्द केला. टचडाउनचे ४ आणि त्यानंतरचे २ असे गुण मिळते तर सामना १२-१२ असा बरोबरीत आला असता. ज्या वर्षी येलशी बरोबरी हीच एखाद्या संघाची कीर्ती ठरली असती, त्या वर्षी ही शिटी वाजली. प्रेक्षकांनी निर्णयाची हुर्यो उडवली. कार्लाइलचे खेळाडू मैदान सोडू लागले.

प्रॅट लिहितात की, त्यांनी खाली उतरून खेळाडूंना परत पाठवले. मैदान सोडलेत तर पळपुटे ठराल; परतलात तर लोक तुमच्या बाजूने आहेतच, वर्तमानपत्रेही तुमचीच बाजू घेतील, असा त्यांच्या समजावणीचा मथितार्थ होता. खेळाडू परतले, खेळले आणि हरले. प्रॅट यांचे भाकीत खरे ठरले. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी कार्लाइलची बाजू घेतली.

या युक्तिवादात निर्णयाच्या न्याय्यतेवर भर नाही. भर आहे तो प्रतिमेवर. एका गुणाच्या मोबदल्यात दुसरा गुण देऊ केला जात आहे. फळ्यावर न लिहिल्या गेलेल्या सहा गुणांच्या बदल्यात नैतिक विजय. हा सौदा व्यवहारात शहाणपणाचा होता यात शंका नाही, कारण रागाने निघून जाणाऱ्या मूलनिवासी संघाला १८९६ च्या अमेरिकेत दुसरी संधी मिळाली नसती. परंतु ज्यांच्या अंगावर हा सौदा पडला त्यांनी तो कसा स्वीकारला, पटल्यामुळे की कवायतीच्या सवयीमुळे, हे प्रॅट यांच्या कथनातून कळण्यास वाव नाही. सैनिकी शिस्तीच्या शाळेत संस्थाप्रमुखाच्या ‘समजावणी’ला आज्ञेहून वेगळे काढणे कठीण आहे.

क्रेन यांचा परिच्छेद : दोन चोऱ्या, दोन काळ

या घटनेनंतर सात दिवसांनी हार्वर्डचा सामना झाला. क्रेन यांच्या काल्पनिक भाषणातील ‘अलीकडे चोरलेले टचडाउन’ म्हणजे अर्थातच जेमिसन यांचा टचडाउन. वाचकाला तो संदर्भ सांगावा लागत नव्हता. आठवडाभर वृत्तपत्रांत तोच विषय गाजत होता. क्रेन यांची युक्ती अशी की, ते या ताज्या, सर्वमान्य चोरीच्या जोडीला एका जुन्या चोरीला आणून बसवतात. अतिविशाल आणि क्षुल्लक यांना एका दमात उच्चारण्याची ही विनोदाची जुनी रीत. तिचा परिणाम दुहेरी होतो. टचडाउनवरून हळहळणाऱ्या वाचकाला क्षणभर खंडाची आठवण होते, आणि खंडाचा उच्चार टचडाउनच्या पंक्तीत झाल्यामुळे त्या आठवणीची धारही लगेच बोथट होते. परिच्छेदाची ताकद आणि त्याची अडचण एकाच वाक्यरचनेत आहे.

यातील सहानुभूती खोटी ठरवण्याचे कारण नाही. वूंडेड नी येथील हत्याकांडाला (२९ डिसेंबर १८९०) तेव्हा सहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. अशा वेळी लोकप्रिय दैनिकात खंडाच्या चोरीचा उच्चार करणे ही साधी गोष्ट नव्हे. क्रेन हे उपरोधाचे लेखक आहेत. त्यांच्या कादंबरीतील तरुण सैनिक ज्या भव्य शब्दांत स्वतःची कल्पना करतो, ते शब्द लेखकाच्या डोळ्यांत खुपत असतातच. येथेही शेकोटीचा धूर आणि कातड्या ही चित्रे ‘जर्नल’च्या वाचकाच्या डोक्यातील आहेत आणि क्रेन त्या डोक्याचीच थट्टा करीत आहेत, असा बचाव मांडता येतो.

तो बचाव काही अंशी मान्य केला तरी काळाचा प्रश्न शिल्लक राहतो. परिच्छेदात खंडाची चोरी ही झाली-गेलेली, पुराणकथेच्या अंतरावरची घटना आहे. ‘अलीकडे’ हा शब्द टचडाउनच्या वाट्याला येतो. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट होती. जमिनीची चोरी १८९६ मध्ये कायद्याने, कचेऱ्यांतून आणि मोजणीच्या साखळ्या टाकून चालू होती. १८८७ च्या डॉझ कायद्यान्वये जमातींच्या सामाईक जमिनींचे वैयक्तिक तुकडे पाडून ‘उरलेली’ जमीन वसाहतकारांना खुली करण्यात येत होती. कायदा झाला तेव्हा मूलनिवासींकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ मध्ये हे धोरण थांबले तेव्हा तिच्यातील सुमारे ४ कोटी ८० लाख एकर उरली होती.

याचे धागेदोरे कार्लाइलच्या संघापर्यंत येतात. त्या दशकात कार्लाइलकडून खेळलेल्या विद्यार्थ्यांत डेलॉस लोन वुल्फ हे किओवा तरुण होते, किओवा प्रमुख लोन वुल्फ यांच्या कुटुंबातील. किओवा, कोमांची आणि अपाची यांच्या राखीव प्रदेशाविषयी सरकारी आयोगाने १८९२ मध्ये एक करार करून घेतला होता. १८६७ च्या तहानुसार अशा करारास तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांची संमती आवश्यक होती. ती मिळालीच नाही आणि सह्या फसवून घेतल्या, असे किओवांचे म्हणणे होते. हंगाम चालू होता तेव्हा तो करार वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या मंजुरीसाठी पडून होता. १९०० साली तो फेरबदलांसह मंजूर झाला, १९०१ मध्ये सुमारे वीस लाख एकरांहून अधिक जमीन बाहेरच्यांना खुली झाली, आणि ‘लोन वुल्फ विरुद्ध हिचकॉक’ या खटल्यात १९०३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूलनिवासींशी केलेले तह एकतर्फी मोडण्याचा काँग्रेसला अधिकार आहे, असा निर्णय दिला. पोलो ग्राउंड्सवरील शिटी चुकीची म्हणून प्रेक्षक ओरडले होते. या निर्णयावर ओरडण्यासाठी कोणतेही मैदान भरले नव्हते.

म्हणजे क्रेन यांच्या वाक्यातील ‘खंड’ हा शब्द दिसतो तेवढा धाडसी नाही. संपूर्ण खंड चोरला असे म्हटल्याने चोरी इतकी मोठी आणि इतकी जुनी होते की, तिची भरपाई कोणी मागू शकत नाही. वीस लाख एकर ही संख्या मात्र मागता येते; तिला तारीख, सह्या आणि साक्षीदार असतात. सर्वव्यापी अपराधाची कबुली देऊन विशिष्ट अपराधाचा विषय टाळणे ही वासाहतिक समाजाच्या सहानुभूतीची एक ओळखीची लकब आहे. क्रेन यांनी ती जाणूनबुजून वापरली असे म्हणण्यास आधार नाही. सायंकाळी सामना संपतो, रात्री मजकूर छापखान्यात जातो. अशा घाईच्या लेखनावर खटल्यांच्या कागदपत्रांचे ओझे टाकणे त्यांच्यावर अन्यायाचे ठरेल. परंतु घाईच्या लेखनात समाजाच्या तयार कल्पना जशाच्या तशा उतरतात, आणि म्हणूनच ते समीक्षेला उपयोगी पडते.

शेकोटी आणि झोपड्यांविषयीही हेच म्हणता येईल. हडसन ज्या लगुना पुएब्लोतून आले तेथील लोक शतकानुशतके दगडामातीच्या पक्क्या घरांत राहत होते. पियर्स यांच्या सेनेका समाजाची पूर्वापार ओळख लांब, सामाईक लाकडी घरांची आहे. परिच्छेदातील झोपडी या संघातील बहुतेकांच्या पूर्वजांचीही नव्हती; ती ‘वाइल्ड वेस्ट’ खेळांच्या तंबूंतून आली होती. प्रॅट यांना त्या खेळांचा मनस्वी तिटकारा होता. तरीही त्यांच्या संघाचे सामने भरत होते ते काही अंशी त्याच प्रेक्षकांमुळे आणि त्याच उत्सुकतेमुळे, ही विसंगती त्यांनी कधी उलगडली नाही.

अभ्यासकांची वाचने आणि वगळलेला विजय

मायकल ओरिआर्ड यांच्या ‘रीडिंग फुटबॉल’ (१९९३) या ग्रंथाने या सामग्रीच्या अभ्यासाला शिस्त दिली. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी बालीतील कोंबड्यांच्या झुंजीचे वाचन जसे एका सांस्कृतिक संहितेप्रमाणे केले, तसे फुटबॉलचे वाचन करता येईल. मात्र वृत्तपत्रांनी निर्माण केलेल्या या संहितेला एकच अर्थ नसतो, वाचकागणिक तो बदलतो, ही ओरिआर्ड यांची भूमिका आहे. ती मान्य होण्याजोगी आहे. तिची मर्यादा अशी की, अर्थांची अनेकता सांगताना ज्यांच्याविषयी संहिता आहे ते खेळाडू वाचक म्हणून कोठे होते, हा प्रश्न मागे पडतो. कार्लाइलचे विद्यार्थी वर्तमानपत्रे वाचू शकत होते. स्वतःविषयीचे ते काल्पनिक भाषण त्यांच्यापैकी कोणी वाचले असेल, तर त्या वाचनाचा अर्थ न्यूयॉर्कच्या वाचकाच्या अर्थांपैकी ‘आणखी एक’ नव्हे.

जॉन ब्लूम यांनी ‘टू शो व्हॉट अॅन इंडियन कॅन डू’ (२०००) मध्ये निवासी शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींना स्थान दिले. खेळातला निखळ आनंद आणि अभिमान तेथे दिसतो आणि दडपशाहीची एकसुरी मांडणी त्यामुळे सुधारते. सॅली जेंकिन्स यांचे ‘द रिअल ऑल अमेरिकन्स’ (२००७) हे पुस्तक अत्यंत वाचनीय आहे. येलच्या सामन्याचे असे जिवंत चित्रण अन्यत्र क्वचितच सापडेल. परंतु या संघाने खेळ, लोक आणि राष्ट्र बदलले असे सांगणारे त्याचे उपशीर्षक गंभीरपणे घेतले तर प्रश्न पडतो. खेळ बदलला हे खरे. राष्ट्र बदलले म्हणावे, तर १९०३ च्या निकालाची वासलात कशी लावावयाची?

या सर्व कथनांत एक समान ओढ आहे. १८९६ चा हंगाम म्हटले की येलविरुद्धचा पराभव हाच त्याचा मध्यबिंदू होतो. १९ डिसेंबर १८९६ रोजी शिकागोच्या कोलिझियममध्ये, छताखाली, विजेच्या दिव्यांच्या उजेडात कार्लाइलने विस्कॉन्सिन विद्यापीठाचा १८-८ असा पराभव केला. विस्कॉन्सिन हा त्या वर्षी नव्यानेच स्थापन झालेल्या पश्चिमेकडील विद्यापीठांच्या परिषदेचा विजेता संघ होता. दिव्यांच्या उजेडात फुटबॉल खेळला जाणे हीच तेव्हा नवलाईची बाब होती. क्रीडा-इतिहासाच्या कोणत्याही निकषावर हा हंगामातील सर्वांत मोठा विजय ठरावा. तरीही सामान्य कथनात त्याला एखाद्या ओळीपेक्षा अधिक जागा मिळत नाही, आणि मिळाली तर ती बहुधा विजेच्या दिव्यांना मिळते.

याचे कारण कथनाच्या रचनेत आहे. नैतिक विजयाची कथा पराभवावर उभी असते. अन्याय सोसून, ठोसा न मारता हरणारा खेळाडू सहानुभूतीला पात्र ठरतो. दहा गुणांनी जिंकणाऱ्या खेळाडूला सहानुभूतीची गरज उरत नाही, आणि मग त्याच्याविषयी काय बोलावे हे सहानुभूतीच्या भाषेला सुचत नाही. येलचा रद्द झालेला टचडाउन अजरामर होतो. विस्कॉन्सिनविरुद्धचे मान्य झालेले टचडाउन धावफलकावरच राहतात. प्रॅट यांची दुसरी अट, म्हणजे बलाढ्यांना हरवण्याची, येथे जवळजवळ पुरी होत होती. पण जनमानसात पहिलीच अट रुजली.

त्याच संस्थेतून त्याच दशकात एक निराळा स्वर उमटला. यँकटन डकोटा समूहातील झित्काला-शा (गर्ट्रूड सिमन्स) या १८९७ पासून काही काळ कार्लाइलमध्ये शिक्षिका होत्या. १९०० साली ‘अटलांटिक मंथली’मध्ये त्यांचे आत्मपर लेख आले. निवासी शाळेत केस कापले जाण्याचा प्रसंग आणि शिक्षिका म्हणून आलेले वैफल्य त्यांनी आवाज न चढवता लिहिले. शाळेच्या मुखपत्रातून त्यांच्यावर कृतघ्नतेची टीका झाली. ही प्रतिक्रिया येथे महत्त्वाची आहे. पंचाचा अन्याय मुकाट्याने सोसणाऱ्या संघाचा शाळेला अभिमान होता. शाळेचा अन्याय स्पष्ट शब्दांत सांगणारी शिक्षिका मात्र तिला खपली नाही. क्रेन यांनी खेळाडूंच्या तोंडी भाषण घालावे लागले, यामागे केवळ विनोदाची हौस नव्हती. त्यांना स्वतः बोलण्याची जागाच आखून दिलेली नव्हती.

खेळाडूंचे स्वतःचे शब्द मुळीच उरले नाहीत, असे मात्र नाही. कार्लाइलची शाळा १९१८ मध्ये बंद झाली. त्या बराकींत आज अमेरिकन लष्कराचे युद्ध महाविद्यालय आहे. तेथील दफनभूमीतील मुलांचे अवशेष २०१७ पासून टप्प्याटप्प्याने त्यांच्या समूहांकडे परत जाऊ लागले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देण्यात आला. शाळेची कागदपत्रे डिकिन्सन महाविद्यालयाने संगणकीय स्वरूपात खुली केली आहेत; ज्या महाविद्यालयाविरुद्ध खेळताना मॅटलॉक यांचा पाय मोडला तेच हे महाविद्यालय. या कागदपत्रांत विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक नस्त्या आहेत. फुटबॉलवर लिहिणाऱ्यांनी त्यांतील सामन्यांच्या कात्रणांकडे जेवढे लक्ष दिले, तेवढे एका साध्या छापील कागदाकडे दिलेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी शाळेने आपल्या माजी विद्यार्थ्यांना टपालाने एक प्रश्नावली पाठवली होती. अनेकांनी ती स्वतःच्या हस्ताक्षरात भरून परत केली. सध्या काय करता, घर कसे आहे, असे प्रश्न तिच्यात होते. तुमच्याकडे जमीन किती आहे, हेही तिच्यात विचारले होते.